गुन्हेगार घडतो, असं मी बोलत आलो

सोम. ३ मार्च
दादाचा डावा डोळा गेला. डॉक्टरांनी वहिनीला बाहेर बोलावून सांगितलं. ती आत येऊन दादाला म्हणाली, "सूज हाय नुसती."
शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत, कंपनीच्या गेटवर विकीनं दादाला पाना मारला. आमच्याच गल्लीतला विकी. ठेकेदारानं त्याला कामावरून कमी केलं; ते तोंडावर सांगायचं काम सुपरवायझर म्हणून दादाकडं आलं. दादा म्हणाला म्हणे, "जा घरी, आईची भांडी घास." लोक हसले.
विकी कोठडीत. मारत असतील. मारू देत.

मंगळ. ४
रविवारी विहारात माझं व्याख्यान. बोर्ड आधीच लागलाय, 'गुन्हेगार जन्मत नाही, घडतो'. बिडकीन, देवगाव रंगारी, कुठं नाही बोललो हे! "स्वप्नं सगळ्यांना दाखवली, दारं मोजक्यांनाच उघडली." इथं टाळी ठरलेली.
चहावाला म्हणाला, "सर, बोर्ड उतारनेका क्या?"
नाही उतरवायचा. माझ्या घरातलं रक्त सांडलं म्हणून समाजशास्त्र खोटं ठरत नाही.
दुपारी मात्र वाटलं, विकीला फाशी व्हावी. तेही खरं.

गुरु. ६
कमलमावशी आली. विकीची आई. दारातूनच "जयभीम". मी उत्तर दिलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा.
"भाऊ, गल्लीतली पोरं म्हणत्यात, घर खाली कर. तुमी रविवारी बोलले तर ऐकतील. नवीन काय नको. ते नेहमीचंच बोला, माणूस मुळात वाईट नस्तो म्हणून."
"तुझा पोरगा सोडून," मी म्हणालो.
मला हे पटत नाही. तिला लागावं म्हणून बोललो. लागलं. पदर तोंडाला लावून गेली. बरं वाटलं. मग नाही.

शनि. ८
वहिनीला सांगितलं, व्याख्यान देणार. मावशीला हाकलू नका, हेही बोलणार. ती दादाची पट्टी बदलत होती.
"द्या ना भाऊजी. मीबी येते ऐकायला."
दादा म्हणाला, "माझं नाव घे उदाहरणात. तेवढंच फेमस होऊ." हसायला गेला आणि कळवळला.

रवि. ९
बोललो. बेकारी, संगत, कपाळावर एकदा बसला की न निघणारा शिक्का. गेटवरचा अपमान. दादाचं भांड्यांचं वाक्यही जसंच्या तसं सांगितलं. वहिनी पहिल्या रांगेत. शेवटी म्हणालो, "आज त्याच्या आईला घराबाहेर काढाल, तर पुढचा विकी तुम्ही घडवाल!" टाळ्या. पोरांच्या माना खाली. जिंकलो असं वाटलं.
मग प्रश्न. नियम माझाच, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर दिल्याशिवाय वक्त्यानं उठायचं नाही.
वहिनी उभी राहिली.
"गल्ली तीच. शाळा तीच. ह्यांनाबी त्याच गेटवरून हाकललं होतं एकदा. तवाबी लोक लई हसले. मंग ह्यांनी कुणाचा डोळा का नाय फोडला, भाऊजी?"
पुस्तकांत उत्तरं आहेत. चांगली आहेत. सगळी 'बहुतेक वेळा'नं सुरू होतात. तिच्याकडं बघून तो शब्द उच्चारता येईना.
मागून, भिंतीला टेकलेल्या कमलमावशीचा आवाज आला, "सांगा की भाऊ. मलाबी ऐकायचंय."
पोरांनी माना वर केल्या. आधी माझ्याकडं पाहिलं, मग तिच्याकडं.
"पुढच्या रविवारी सांगतो," म्हणून उठलो.

सोम. १०
मावशीच्या दारात टेम्पो. रिकामा. पोरं कडेला उभी.
"सर, भरायचं का सामान? तुमी काल सांगितलंच नाय पुरतं."
मावशी ओट्यावर भांडी घासत बसलेली. सामान बांधण्याआधी भांडी स्वच्छ हवीत, एवढंच तिच्या हातात उरलेलं.
"नाही भरायचं," म्हणालो. पोरं हलली नाहीत.
मावशीजवळ गेलो. "जयभीम, मावशी."
राख घेतली, पातेलं उलटं केलं, घासत राहिली.
आत्ता खिडकीतून दिसतंय. टेम्पो तिथंच आहे.