सातव्या टेकूची चौथी नळी

३ नोव्हेंबर १९६९, सोमवार
आज धरणावर रुजू झालो. कळमेश्वरपासून ट्रकने दीड तास लागला. राहायला पत्र्याची खोली, लोखंडी खाट, खिडकीतून टेकडी दिसते. सक्करदऱ्याला आईला पत्र टाकले की जागा उत्तम आहे. दोनदा मॅट्रिक नापास झालेल्याला 'नोंद कारकून' ही पदवी मिळाली, याचा आनंद आहे.

धरण मी समजत होतो तसे मातीचे नाही. पाण्याकडे एक तिरकी पातळ भिंत आणि तिला मागून रेटून धरायला बारा टेकू; त्यांतले सहा उभे आहेत, सातवा आता सुरू होणार. साहेब त्यांना बट्रेस म्हणतात. दोन टेकूंच्या मध्ये उंच, रिकामी खोली. आत उभे राहिले की आपलाच श्वास ऐकू येतो.

हजेरीच्या फलकावर 'सुचना' असे लिहिले होते. ते 'सूचना' करून घेतले.

४ नोव्हेंबर
माझे काम दोन प्रकारचे. पहिले बिल्ल्यांचे. ४६ माणसे, ४६ पितळी बिल्ले, ४६ खिळे. काँक्रीट ओतायच्या लाकडी साच्यात उतरणाऱ्याने आपला बिल्ला खिळ्यावरून काढून गळ्यात घालायचा, वर आला की परत टांगायचा. फलक भरला म्हणजे आत कोणी नाही. मग मी साच्यावर वाकून, ज्याचा बिल्ला शेवटी आला त्याचे नाव तीनदा पुकारायचे आणि सही करायची. त्यानंतरच काँक्रीट सुटते. माझा स्वतःचा बिल्ला क्रमांक ४६.

दुसरे काम उष्णतेचे. काँक्रीट मुरताना तापते. प्रत्येक टेकूत पाच लोखंडी नळ्या पुरतात. त्यांत दोरीने थर्मामीटर सोडायचा, सकाळी आठला आणि दुपारी चारला आकडा लिहायचा.

मुकादम दादाजी. कडक, पण मनाचा स्वच्छ. म्हणतो, मेलेला माणूस दोनदाच हाक मारतो, म्हणून तिसऱ्या हाकेपर्यंत ओ देऊ नये.

७ नोव्हेंबर
रुपराव मेश्रामशी ओळख झाली. बिल्ला ३१. त्याने लांबूनच जयभीम घातला. बायको जयवंता खडी वाहते. मी फलकावरचे ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करताना त्याने पाहिले आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "सुखदेवबाबू, तू शाळेत कमी आन् डिक्शनरीत जास्त बसला दिसते गा." सगळे हसले. मीही हसलो. दुपारी त्याने अर्धी भाकर आणि ठेचा दिला.

१० नोव्हेंबर
सातव्या टेकूचा तळाचा थर आज ओतला.

तळातला लाकडाचा भुसा झाडायला चारजण उतरले होते. तिघांचे बिल्ले आले. ३१ चा खिळा रिकामा होता. मिक्सर भरून फिरत होता. इंजिनिअर महादेवराव साहेब वरून ओरडत होते की माल घट्ट होतो आहे, कारकून झोपला काय. तेवढ्यात मला शिडीच्या पायाशी ३१ चा बिल्ला दिसला. दोरी तुटलेली. रुपराव वर आला असेल, घाईत बिल्ला पडला असेल, असे मला वाटले. बिल्ला माणसाशिवाय शिडीपर्यंत येणार नाही.

मी तो खिळ्यावर टांगला. नाव एकदा पुकारले. मिक्सरच्या आवाजात मलाच ऐकू आले नाही. ४६ पैकी ४६ लिहिले. सही केली.

११ नोव्हेंबर
रुपराव हजेरीला नाही. दादाजी म्हणतो, खापरखेड्याच्या वीजघरात भरती चालू आहे, तिकडे पळाला असेल, जातात असे. सगळ्यांना पटले. मीही मान हलवली.

सातव्या टेकूच्या पाचही नळ्या ११२ अंश फॅरनहाइट.

१३ नोव्हेंबर
जयवंता माझ्या खोलीपाशी आली. उंबऱ्याबाहेरच बसली. म्हणाली, "बाबू, तुमी तं सगळ्यायची नोंद ठेवता. मंग माह्या मानसाची काहून नाही? चप्पल घरीच हाय त्याची. खापरखेड्याले काय अनवानी गेला?"

मी वही उघडून दाखवली. ४६ पैकी ४६. तिला वाचता येत नाही. तरी दाखवली.

१७ नोव्हेंबर
नळ्या निवत आहेत. पहिली ८९. दुसरी ८८. तिसरी ८९. पाचवी ८८. चौथी ९८.४.

थर्मामीटर बदलून पाहिला. ९८.४.

१९ नोव्हेंबर
इतर चार ८३ वर. चौथी ९८.४. सकाळीही, दुपारीही.

दवाखान्याच्या यमुताईंना वही न दाखवता नुसता आकडा विचारला. हसून म्हणाल्या, "धडधाकट मानूस हाय. ताप नाही त्याले. कोन आजारी हाय?"

कोणी नाही म्हणालो.

२० नोव्हेंबर
महादेवराव साहेबांकडे गेलो. सगळे सांगायचे ठरवले होते. नळीचा आकडा सांगितला, बिल्ल्याचे अर्धे सांगितले. त्यांनी दार लावून घेतले. विचारले, ४६ वर सही कोणाची? माझी. टेकू फोडायला लावलास तर वर पहिले उत्तर कोण देणार? चौथी नळी खराब आहे असे लिही म्हणाले.

लिहिले. स्वच्छ अक्षरात.

२२ नोव्हेंबर
घरी जायला निघालो. रस्ता एकच, फाटकातून. फाटकाच्या दगडावर जयवंता, मांडीवर त्याची चप्पल. तिने माझ्या ट्रंकेकडे पाहिले. ट्रंक घेऊन परत आलो.

२४ नोव्हेंबर
चौथी नळी १०१.

थर्मामीटर वर ओढताना दोरी ताणली गेली. खालून. दोन हिसके. मग सैल.

२५ नोव्हेंबर
१०३. नळीला कान लावला. टक टक. थांबून — टक टक. इतक्या दिवसांनी माणूस जिवंत राहत नाही. हे मला कळते. तरी —

चौथ्या नळीचे तोंड ज्या खोलीत आहे, तिचे मागचे तोंड बांधून झाले आहे. एक सरपटत जायची वाट उरली आहे. उद्या तीही भरणार. मग नळीपर्यंत कोणी जाऊ शकणार नाही.

त्याच्या दोन हाका माझ्याकडे राहिल्या आहेत.

२६ नोव्हेंबर, सकाळी आठ
आत आलो आहे. बॅटरीच्या उजेडात लिहितो. काल मारली ती हाक — नाही, ती दहा तारखेची. आज पहिल्यापासून. नळीत तोंड घालून पुकारले. रुपराव मेश्राम. रुपराव मेश्राम. रुपराव मेश्राम.

आतून टकटक थांबली.

बरे वाटले. आता बाहेर जाऊन जयवंताला सांगणार. तिच्यासमोर सगळे. मग जे होईल ते —

वाट अंधारी का झाली? फळ्या लागल्या आहेत. गळ्याला हात लावला. बिल्ला नाही. दोरी तुटली असेल — सरपटताना —

दादाजीचा आवाज. "हा पाह्य ना गा, शेचाळीसचा बिल्ला. इथं पडला होता. बाबू गेला असन वर. टांगून दे." मी ओरडलो. मिक्सर चालू आहे. ओरडलो —

दादाजीने हाक मारली. सुखदेव! एकदाच.

माल येतो आहे. फळीखालून. गरम आहे.

दुसरी हाक आली. बाहेरून नाही. नळीतून. हसत, हळू — सुखदेवबाबू —

ओ देऊ नये. तिसऱ्या हाकेपर्यंत ओ —