दोन्ही खुबे एकदम

प्रिय धाकट्या,

तू फोनवर दर वेळी विचारतोस, बाबा कसे आहेत, आणि मी दर वेळी म्हणते, छान आहेत. ते माझ्या मागेच उभे असतात म्हणून म्हणते. या माणसाचे खुबे गेले होते, कान शाबूत आहेत. आज तुझे भावोजी त्यांना फिजिओथेरपीला घेऊन गेलेत, घर रिकामं आहे, म्हणून मनासारखं लिहिता येतंय. तर ऐक. बाबा छान आहेत आणि मी वेडी व्हायची बाकी आहे.

माझं डोकं ऑपरेशनच्या आधीपासूनच उठलंय. खुबे बदलून घ्या म्हणून किती वर्षं आपण दोघं त्यांच्या मागे लागलो होतो! "मी जन्मभर पोरांना मैदानावर पळवलंय, मला हाडांचं कोणी शिकवू नका," म्हणून उडवून लावायचे. बाथरूमपर्यंत भिंत धरत जायचे, आणि कोणी बघतंय असं वाटलं की भिंतीचा रंग तपासल्यासारखं करायचे. आणि मग एका सकाळी, पेपरमधून डोकं वर न काढता म्हणाले, "डॉक्टरांना फोन लाव. दोन्ही एकदम करून टाकू." ते विचार बदलायच्या आत मी फोन लावला. डॉक्टरांनी परोपरीने समजावलं की आधी एक करू, मग सवडीने दुसरा. तर त्यांनाच म्हणाले, "एकाचं दुखणं सोसल्यावर दुसऱ्यासाठी मी परत येईन असं वाटतं तुम्हाला?" डॉक्टर हसले. मला काही हसू आलं नाही. हृदय, साखर, रक्त सगळं तपासलं आणि माझं नशीब असं की सगळं उत्तम निघालं.

अडलं ते दाढेवर. तोंडात पू असेल तर तो नव्या सांध्यात उतरू शकतो, म्हणून आधी दात दाखवून या, डॉक्टर म्हणाले. मी दिवसभर लोकांच्या कवळ्या बनवते, मेणात एकेक दात बसवते, आणि माझ्याच घरातला माणूस किडलेली दाढ लपवून एका बाजूने जेवतोय हे मला कळू नये? दाढ काढून आले तेव्हा गालात कापूस होता. बोलता येत नव्हतं, तर हातवारे करून मलाच रागावले. काय म्हणत होते कोण जाणे. मीही हातवारे करूनच उत्तर दिलं.

मग घराची उलथापालथ. पाय अडकायला नको म्हणून सगळे गालिचे गुंडाळले, पलंगाच्या पायांखाली लाकडी ठोकळे दिले, कमोडवर उंच बैठक बसवली. त्यांची ती खोलगट आरामखुर्ची बाहेर काढली तर कोणी सख्खं माणूस घरातून हाकलल्यासारखे दोन दिवस माझ्याकडे पाठ करून जेवले. वॉकर आधीच आणून ठेवला होता, सवय व्हावी म्हणून. त्यावर त्यांनी टॉवेल वाळत घातला.

ऑपरेशन झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांना उभं केलं. चेहरा पांढराफटक, कपाळावर घाम, आणि पहिलं वाक्य काय, तर शेजारच्या खाटेवरच्या बिचाऱ्या म्हाताऱ्याला, "अहो, पोक काढून काय बसलाय, पाठ सरळ करा!" नर्स पोट धरधरून हसल्या. त्या सुटी झाली की घरी जाणार होत्या. मला याच माणसाबरोबर घरी जायचं होतं.

घरी आल्यावर काय झालं असेल? शिट्टी! शाळेतली ती शिट्टी त्यांनी कपाटातून शोधून काढायला लावली आणि गळ्यात घातली. चष्मा पडला, शिट्टी. उशी सरकली, शिट्टी. मी मेण गरम करून कोणाची तरी खालची कवळी जुळवत असते आणि आत शिट्टी वाजते. माझा हात हलतो आणि कुणाचे तरी पुढचे दात तिरके होतात. घंटी आणून दिली तर म्हणाले, घंटी देवळात आणि शाळेत, हे मैदान आहे. खाली वाकायचं नाही, पायावर पाय टाकायचा नाही, झोपताना दोन पायांमध्ये उशी ठेवायची, एवढं साधं सांगितलंय. यांचा पहिला प्रश्न, "आणि टाकला पायावर पाय तर?" खुबा निखळेल, बाबा. "निखळला तर?" तर मी घर सोडून जाईन.

पायात रक्त साकळू नये म्हणून दिलेले ते घट्ट मोजे चढवताना तर आम्हा दोघांचं रोज भांडण. ते वरून सूचना देणार, मी खाली जमिनीवर बसून ओढणार. फिजिओबाई तशा गोड आहेत, पण बाबांनी त्यांचं नाव 'हेडबाई' ठेवलंय आणि प्रत्येक व्यायामाला, आमच्या वेळी हे असं नव्हतं, हे ठरलेलं. जिना शिकवताना त्या म्हणाल्या, चढताना चांगला पाय आधी. बाबा म्हणाले, "दोन्ही दुकानातून एकाच दिवशी आणलेत. त्यातला चांगला कोणता?"

वॉकर सुटला, दोन काठ्या आल्या, मग एक. मला वाटलं, सुटले. तर दुपारी हे गायब व्हायला लागले. मी कामात गढलेली असले की दार हळूच ओढून घेऊन जायचे, आणि परत आले की गुपचूप पाणी पिऊन आडवे व्हायचे. विचारलं तर म्हणायचे, अंगणात होतो. अंगणात कोणी एवढं घामाघूम होतं का? गेल्या आठवड्यात मी हातातलं काम टाकून मागोमाग गेले. शेजारच्या इमारतीच्या जिन्यात, पार वरच्या मजल्याच्या खाली, कठडा धरून उभे होते. छाती भात्यासारखी चाललेली. मी तिथेच त्यांच्यावर ओरडले. एकटे का आलात, पडला असतात तर, वर काय आहे तुमचं, पाण्याची टाकी? तर म्हणाले, "टाकीच बघायची होती." आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "चार मजले होतात का बघत होतो."

चार मजले म्हटल्यावर मी ओरडणं सोडून खालच्या पायरीवर बसले. तुझ्या घराला किती मजले चढावे लागतात ते मला ठाऊक आहे, आणि लिफ्ट नाही हेही. तुझ्या घरातल्या घरात झालेल्या लग्नाला ते आले नाहीत तेव्हाही जिन्याचंच कारण दिलं होतं. तेव्हा त्यांचे पाय ठणठणीत होते हे तुलाही माहीत आहे आणि मलाही. तुझ्या बायकोबरोबर तिची आधीची लेक आली, ती काही त्यांना नात म्हणून पचली नाही. पुढे खुबे खरोखरच गेले आणि सगळ्यांचीच सोय झाली. कोणाला काही बोलावंच लागलं नाही.

त्यांना तिथेच पायऱ्यांवर, कठड्याला टेकून, बोलतं केलं. त्याच तुझ्या लेकीने एकदा तुझा फोन घेऊन परस्पर इकडे लावला होता, तुला पत्ता नाही. सरळ विचारलं म्हणे, "आजोबा, तुम्ही आमच्याकडे का येत नाही?" यांनी सांगितलं, बाळा, तुमच्याकडे चार मजले आहेत, माझे पाय दुखतात. तर ती म्हणाली, "मग तुम्ही खालीच थांबा. मी खाली येते, आपण पायरीवर बसू." बाबांनी फोन ठेवून दिला. "एवढीशी पोर, आणि माझी सोय ती बघणार?" असं मला म्हणाले आणि नाक पुसायला खिशात रुमाल शोधत राहिले. तिचा तो फोन आला त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी त्यांनी मला डॉक्टरांना फोन लावायला सांगितलं होतं.

म्हणून हे पत्र. येत्या रविवारी दुपारी आम्ही येतोय. डॉक्टरांनी प्रवासाला हो म्हटलंय. तुला कळवायचं नाही अशी मला शपथ घातली आहे, त्यामुळे दार उघडल्यावर तोंडाचा आ करायला विसरू नकोस. एक उंच, हातांची खुर्ची शेजाऱ्यांकडून आणून ठेव. बायकोला सांग, बाबा माफी वगैरे काही मागणार नाहीत, ते त्यांच्याने व्हायचं नाही. चार मजले चढून येणार आहेत, तेवढ्यावर समजून घे म्हणावं. वाटेत दर मजल्यावर थांबतील, काठी आपटतील, मला बोलतील. जिन्यात आवाज ऐकू आले तरी तू धावत खाली यायचं नाहीस. आणि लेक खाली यायला निघाली तर तिलाही येऊ देऊ नकोस. दारातच उभी कर. त्यांना वर पोचू दे.

तुझीच, कातावलेली,
ताई