शेषरावभाऊंना मी उठवलं!

अहो,

जयभीम! आयुष्यभर तुम्हाला 'अहो' याच एका हाकेनं बोलावलं, तेव्हा आता 'प्रिय' वगैरे लिहिलं तर तुम्हीच हसाल. तुम्ही गेल्यापासून तुम्हाला एक ओळ लिहिली नाही आणि आज चहासुद्धा न घेता कागद घेऊन बसले, कारण बातमीच तशी आहे. शेषरावभाऊ वाचले! आणि त्यांना मी उठवलं. मी! तुमच्या घोरण्यावर जन्मभर कटकट करणारी मी!

हो, तेच शेषराव, तुमच्या एसटीचे कंडक्टर. तुम्ही स्टिअरिंगवर, ते बेलच्या दोरीवर. राजूर घाटात तुमची जोडी सगळ्यांना माहीत. आणि ज्यांच्याशी मी तुमच्या जाण्यानंतर एक शब्द बोलले नव्हते, तेही हेच. का, ते तुम्हाला सांगायला नको. तुमच्या उशाशी गोळ्यांची जी पट्टी सापडली, ती त्यांनी दिलेली.

पण रागावायचं तर तुमच्यावरही आहेच! रिटायर झालात, पण डोळे ड्युटीवरच राहिले. झोप म्हणून येईना. "डॉक्टरकडे चला," म्हणून मी किती मागे लागले! "झोपीसाठी कोणी डॉक्टरकडे जाते का? लोक म्हणतीन, याचं डोस्कं फिरलं." डॉक्टर नको, पण शेषरावभाऊंच्या पुतण्यानं फोनवरून मागवलेली गोळी चालली! पाकिटावर नेहमीच्या झोपेच्या गोळीचं नाव. आणि तुमचं आवडतं वाक्य, "अर्ध्या गोळीनं काय होते?"

अर्धी घेतलीत. काही वाटेना, म्हणून उरलेली अर्धीही घेतलीत. मी बहिणीकडे खामगावला गेले होते. शेजाऱ्यांनी भिंतीपलीकडून तुमचं घोरणं ऐकलं, "आज ड्रायव्हर साहेबाले मस्त झोप लागली," म्हणाले आणि मायेनं टीव्हीचा आवाज कमी केला. दुपारी मी फाटक उघडलं तेव्हा घर एकदम गप्प होतं.

पुढे तपासणीत कळलं की पाकिटावर नाव एक आणि आत भलतंच. ब्रोमाझोलम म्हणे. नेहमीच्या झोपेच्या गोळ्यांच्याच घराण्यातलं, पण औषध म्हणून कुठल्याच दुकानात न मिळणारं, चोरून बनवलेलं. एकावर बंदी आली की जरासा फेरफार करून दुसरं नाव बाजारात येतं. डॉक्टरांनी मला नीट समजावलं. याची चिमूटसुद्धा लागत नाही, मिठाच्या खड्याहून कमी पुरतं. गोळ्या पाडणाऱ्याला प्रमाणाशी देणंघेणं नाही. वरणात मीठ टाकलं आणि ढवळलंच नाही तर एक घास अळणी, एक खारट, तसं एका अर्ध्यात नुसता खडू आणि दुसऱ्या अर्ध्यात सगळं विष! असर कधी उशिरा येतो, मग माणूस अजून घेतो. वर दारू प्यायला तर श्वासच मंदावतो. तुमची अर्धी गोळी कसली अर्धी होती हो!

आता परवाचं ऐका. माझ्या भाचीला नोकरी लागली, म्हणून शेतात रोडग्यांचं जेवण ठेवलं होतं. डेपोची सगळी जुनी मंडळी आलेली. मी शेषरावभाऊंकडे पाठ करून बसले. रोडगे, वरण, वांग्याची भाजी, वर तुपाची धार! जेवणानंतर सगळे लिंबाच्या सावलीत आडवे झाले. भाऊ घोरायला लागले तशी पोरं हसायला लागली. मी मनात म्हटलं, झोपा, तुम्हाला बरी झोप लागते!

आणि घोरणं बदललं. एक लांब ओढ, मग काहीच नाही. पुन्हा ओढ, पुन्हा काहीच नाही. मला तुमचं वाक्य आठवलं, "इंजिनचा आवाज बदलला का विचार करत बसाचं नाही, गाडी बाजूले घ्याची!" मी धावलेच!

"झोपू द्या ना वैनी, रोडगे लय झाले त्याईले," कोणीतरी म्हणालं.

"रोडग्यानं कोणी असं झोपते का बे? ओठ पाह्य त्याईचे!"

ओठ निळे पडले होते. हलवलं, ओरडले, चिमटा काढला, पण डोळे उघडेनात. मी त्यांना कुशीवर वळवलं, मान जरा मागे केली आणि ॲम्ब्युलन्स बोलवायला लावली. शर्टाच्या खिशात हात घातला तर तसलीच पट्टी! भाऊंचा पुतण्या तिथंच होता, तो रडायलाच लागला. "काकू, ते जुनं पाकीट खराब होतं, हे चांगलं हाये म्हणून आणलं." विहिरीमागे भाऊंचे दोन पेगही झाल्याचं त्यानं कबूल केलं. कानफटात द्यावीशी वाटली, पण माझे डोळे भाऊंच्या छातीवर होते. वर, खाली. वर, खाली. चालू राहा, भाऊ!

खामगावच्या दवाखान्यात मी पट्टी थेट डॉक्टरांच्या हातात ठेवली. यावर उतारा आहे, पण रोज घेणाऱ्याला त्यानं झटके येऊ शकतात, म्हणून त्यांनी यंत्रानं श्वास चालू ठेवला. काल दुपारी नळी निघाली, भाऊंनी डोळे उघडले आणि घोगऱ्या आवाजात म्हणाले, "काऊन उठोलं वैनी? लय मस्त झोप लागली होती!"

अहो, मी त्यांना काय काय बोलले! आणि मग तिथेच रडले. तेही रडले. "सोडाची होती वैनी. एक दिवस नाई घेतली त हातपाय थरथरते. मित्र गेला तरी सुटली नाई." मला वाटत होतं, त्यांना तुमचं काहीच वाटलं नाही. ते त्या गोळीत अडकून पडले होते. डॉक्टर म्हणाले, एकदम बंद करायची नाही, तेही जिवावर बेतेल. डॉक्टरांच्याच नजरेखाली हळूहळू कमी करायची.

तर माझा शब्द घ्या. भाऊंना त्यासाठी बुलढाण्याच्या डॉक्टरकडे न्यायचं काम माझं. एसटीनं जाऊ, शेजारी बसू, आणि नाही म्हणाले तर मी तुमच्या आवाजात दरडावीन. कुठेही, कोणाचंही घोरणं तुटकं ऐकू आलं तर मी दार वाजवणार, हलवणार, ओरडणार. लोक म्हणू देत, ही बाई कोणाला सुखानं झोपू देत नाही!

तुमची झोप मोडायला तेव्हा मी घरी नव्हते. आता आहे.

तुमचीच,
सुमन