गाडी ओहोळापर्यंतच

१९ मे २०१८
गाडी आली. वापीहून मीच चालवत आणली. नरपडची चिकूची वाडी गेली तिच्यात. चारही चाकं ओढतात! शोरूममधला जिग्नेश म्हणाला, "साहेब, कादवमां पण माखण जेवी चालशे!" चिखलातही लोण्यासारखी, म्हणे.
चाकाखाली लिंबू मीच ठेवलं. संगिता असती तर आधी बसून काचा खालीवर केल्या असत्या.

२० मे
गाडी का घेतली ते कुणाला सांगितलेलं नाही. इथे लिहितो.
दोन वर्षांपूर्वी संगिता तलासरीकडे माहेरी भातलावणीला गेली. शेतात साप चावला. पाड्यावर पावसात वाहन जात नाही. तिच्या भावाने, हाल्याने, बांबूला गोधडी बांधून झोळी केली. शेजारचा चिमण दुसऱ्या टोकाला. डांबरी रस्त्यापर्यंत झोळी, मग जीपने कासाचा दवाखाना. मी डहाणूला शाळेच्या ऑफिसात होतो. पोचलो तेव्हा संपलं होतं.
"थोडं आधी आणलं असतं तर—" डॉक्टर एवढंच म्हणाले.
मी हाल्याला विचारलं, "तासाभराची वाट. दीड तास कसा लागला?" त्याने मान खाली घातली. त्यानंतर आम्ही बोललो नाही.
पुन्हा कुणाला झोळीत न्यायला नको, म्हणून गाडी. आणि खरं सांगायचं तर हाल्याला दाखवायचं होतं.

२ जून
कोरड्यात थेट सासूबाईंच्या दारात! नवशीबाई गाडीभोवती फिरल्या. "जावय, हिला चारा काय घालता?" मग मागच्या सीटवर हात ठेवून उभ्या राहिल्या. हाल्या बाहेर आला नाही.

१५ जुलै
फजिती! पाड्याच्या ओहोळाअलीकडे वाट अरुंद. म्हटलं, एवढी महागाची गाडी, खाचरातून काढू. नुकतीच लावणी झालेलं खाचर. बांध फुटला, गाडी पोटापर्यंत बसली. चाकं जितकी फिरवली तितकी खाली. चारही चाकं ओढतात खरी, पण पाताळात!
आख्खा पाडा जमला. बायजी म्हातारी ओरडली, "एवढी मोठी झाली, तरी लावणी येत नाय हिला!" सगळे हसले. मीही हसलो. संगिता गेल्यावर त्या वाटेवर पहिल्यांदा.
खाचर हाल्याचं होतं. त्यानेच रेडे आणले, दोर बांधला, पेंढा टाकला.

१६ जुलै
गाडी धुतली नाही.

१८ जुलै
जिग्नेशला फोन. "साहेब, टायर बदली नाखो." बदलले.

२९ जुलै
पुन्हा गेलो. बांध नीट बांधलेला, रोपं पुन्हा लावलेली. हाल्यानेच केलं असणार. या वेळी वाट सोडली नाही. तरी ओहोळाच्या चढाला चाकं घसरली. पुढे नाही, मागे नाही. घड्याळ बघत होतो. रस्त्यावर परत यायला सव्वादोन तास — रेड्यांसकट.
तेव्हा ही गाडी दारात असती तरी झोळीच आधी पोचली असती.
घरी येऊन संगिताच्या फोटोसमोर बसलो.

५ ऑगस्ट
गाडी डांबरीवर ठेवून चालत गेलो. हाल्या खाचरात होता. बांधावर बसलो. म्हटलं, "मी त्या दिवशी तसं विचारायला नको होतं."
त्याने माती चाचपली. मग म्हणाला, "ओहोळात माझा पाय कापला, भावजी. रक्त थांबेना. माझी बाय झोळीतून उतरली. मी नको नको म्हणतोय, तिने पदर फाडून बांधला. म्हणते, गप रे, मी मोठी आहे. त्यात वेळ गेला."
"मग दोन वर्षं बोलला का नाहीस?"
"तुम्ही तिच्यावर रागावला असता."