किल्ल्यांपर्यंतचा चढ

ता. ४

चि. भिंगरीस,
अ. उ. आ. आणि एक धपाटा.

नाही गं, फोन बिघडलेला नाही. पत्रात मधेच कुणी तोंड घालत नाही, म्हणून लिहिते.

शेजारच्या शिंपीणबाईंनी विचारलं, लेक एवढं काय शिकते? मी सांगितलं, माणसाच्या तोंडाला मुखवटा बांधते, फिरत्या पट्ट्यावर पळवते आणि तो दमला की लिहून ठेवते. त्यावर त्या म्हणाल्या, पळवल्यावर माणूस दमतो हे कळायला एम.एस्सी. लागते होय!

तू सांगितलेली परीक्षा मी रोज देते. बाजाराचा चढ चढताना मोठ्यानं एक वाक्य म्हणायचं, दम न खाता पुरं झालं की पास. मी तुझ्या बाबांनाच झापते : गेलात ते गेलात, कपाटाच्या किल्ल्या कुठे ठेवल्यात ते सांगायला काय झालं होतं? लोक वळून बघतात. बघू देत. पास आहे मी.

खेळाडूंच्या संघाकडून नोकरीचं बोलावणं आलं का?

तुझी आई

ता. ११

ती. आईस,
शि. सा. न.

आलं. पण इस्पितळातही जागा आहे, आपल्या घरापासून तासाभरावर. हृदयाचा झटका येऊन गेलेल्यांना पुन्हा हळूहळू चालतं करायचं. सर म्हणतात, दोन्ही सोड, पीएच.डी. कर. महिनाअखेर उत्तर द्यायचंय. खोलीत नुसत्या येरझाऱ्या घालते, घरमालकीण खालून छताला काठी ठोकते.

खरं सांगू? मला संघ हवाय. पण वर्षभर गावोगाव फिरावं लागेल. तू ठणठणीत असशील तरच जाईन.

प्रयोगशाळेत आता पाठ करून बसले तरी नुसत्या श्वासावरून सांगते कोण किती दमलंय. सगळे चिडवतात. आई, फोन उचल ना. अक्षरात तुझा श्वास ऐकू येत नाही.

तुझीच भिंगरी

ता. १७

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

संघ घे. त्यात विचार कसला? एवढी धडधाकट पोरं दिवसभर तुझ्या शिट्टीवर पळणार, एखादा पळता पळता जावई झाला तर मी नाही म्हणणार नाही. इकडची काळजी सोड. शिंपीणबाई आहेत, माझी जीभ आहे, दोघी मिळून गाव हाकतो.

घरमालकिणीला सांग, पोरीचे पाय वडिलांवर गेलेत. लोभ आहे तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी आई

ता. क. पाकीट चिकटवलं होतं, परत फोडलं. मी ठणठणीत असेन तरच जाईन म्हणालीस, ते काही केल्या गिळवेना. म्हणून सांगते. परीक्षेत मी नापास आहे. चढावर ‘गेलात ते गेलात’ एवढंच म्हणून होतं, मग भिंत धरून उभी राहते. किल्ल्यांपर्यंत पोचतच नाही. फोन उचलला असता तर तू हॅलोलाच ओळखलं असतंस, म्हणून उचलला नाही. मला भीती वाटते गं.