कुंभारणीनं बुजवलेलं कुलूप

अहो,

मी बसस्टँडवर चालले आहे. सकाळी लेकीचा फोन आला, "आई, येऊ का गं?" तुम्हाला न विचारताच मी "ये" म्हणून बसले.

तिची खोली झाडून घ्यावी म्हणून किल्ली घेऊन गेले, तर दाराच्या कुलपाचं भोक मातीनं बुजलेलं. ती भांडून गेली त्या दिवशी तुम्ही ते कुलूप लावलंत. तेव्हापासून आपल्यापैकी कुणी तिकडे फिरकलं नाही. कुंभारीण माशी मात्र फिरकली. अंगणातल्या नळाखालच्या चिखलाची एकेक गोळी तोंडात धरून आणली आणि तिनं पिल्लांसाठी घर लिंपलं.

सुताराला बोलावलं. तो म्हणाला, "काकू, तार घालतो, आत्ता मोकळं होईल." मी म्हटलं, "घर कुणाचंच मोडायचं नाही. तू बिजागऱ्या काढ." त्यानं अख्खं दारच उतरवलं. जाताना म्हणतो कसा, "काकांनी विचारलं, तर मी आलोच नव्हतो."

दार व्हरांड्यात भिंतीला टेकवून ठेवलं आहे. रागाच्या भरात त्या भोकात काडी घालू नका. पिल्लं उडून गेली की मग दाराचं बघू.

जेवण झाकून ठेवलं आहे. थांबलात तर तिघं मिळून बसू.

आणि हो, खोलीला आता दार नाही, तेव्हा टकटक करायची सोय नाही. आत जाण्याआधी तिला नावानं हाक मारा. ती गेल्यापासून तुमच्या तोंडून ते नाव मी ऐकलेलं नाही.