उजव्या बाजूचा दिवा

१७ ऑक्टोबर २०२४, गुरुवार

सकाळी ११ वाजून ४० मिनिटे. आटगावच्या अलीकडे, रस्त्याचे काम चालू आहे तिथे. मी जाणूभावजींची मोटारसायकल चालवत होतो. भावजी मागे, मांडीवर शहापूरच्या बाजारातून घेतलेली ताडपत्री. गाड्यांच्या दोन रांगा लागलेल्या, दोन्ही मुंगीच्या पावलाने. मी मधल्या फटीतून पुढे जात होतो. सगळेच जात होते. डाव्या रांगेतली एक पांढरी कार एकदम उजवीकडे आली. मी ब्रेक दाबला. तिच्या पुढच्या चाकाजवळ आदळलो. भावजींचा डावा पाय कार आणि मोटारसायकल यांच्यात चेपला.

मला खरचटले आहे. बाकी काही नाही.

भावजींच्या नडगीची दोन्ही हाडे मोडली. सरकारी दवाखान्यात आहेत. आता साडेसहा. माझी बहीण यमूताई आली आहे. अजून माझ्याशी बोललेली नाही.

१८ ऑक्टोबर

पोलीस ठाण्यात गेलो होतो. हवालदारांनी विचारले, "शिकलायस का?" अकरावी अर्धी सोडली, झेरॉक्सच्या दुकानात लोकांचे अर्ज भरतो, असे सांगितले. "मग तूच लिही तुझा जबाब. माझं अक्षर तुला वाचता नाय यायचं."

मी दीड पान लिहिले. एकही खाडाखोड नाही. वेळ, वेग (अंदाजे पंधरा), दोन्ही रांगांमधील अंतर, मागे कोण बसले होते, सगळे. शेवटी लिहिले — "कारने वळण्याआधी उजव्या बाजूचा दिवा लावला होता किंवा नाही, हे मला निश्चित सांगता येत नाही." हे खरेच आहे. मला आठवत नाही.

हवालदारांनी वाचले. माझ्याकडे बघितले. "सही कर," एवढेच म्हणाले.

२० ऑक्टोबर

कारवाले दवाखान्यात आले होते. सुदाम भोईर. भातसानगरला धरणाच्या ऑफिसात होते, आता निवृत्त. सहा केळी आणली. मला व्हरांड्यात म्हणाले, "बाळा, मी इंडिकेटर दिला होता. तीस वर्षं गाडी चालवतोय, दिल्याशिवाय वळत नाही. टिकटिक अजून कानात आहे माझ्या."

खोटे बोलणारा माणूस वाटला नाही. तेच वाईट.

म्हणजे दिवा लागला होता आणि मी बघितला नाही. मग मी कुठे बघत होतो?

२१ ऑक्टोबर

कुठे बघत होतो? पुढे. फटीकडे. बहुतेक.

२२ ऑक्टोबर

दुकानातून मोजपट्टी घेऊन त्या जागी गेलो. रांगा तशाच लागलेल्या. दोन गाड्या थांबल्या तेव्हा मधले अंतर मोजले — चार फूट दोन इंच. मोटारसायकलचे हँडल दोन फूट सहा इंच. टेम्पोवाला ओरडला, "काय रस्ता इकत घेतोस काय रे?"

तिथे काकड्या विकायला एक बाई बसतात, गुणाबाई. त्यांनी सगळे पाहिले आहे. कारचा दिवा लागला होता का, विचारले.

"दिवा? अरे बाबा, मी गिऱ्हाइकाचा हात बघू का गाडीचा दिवा बघू? तुमी आपटलात तवा मान वर केली."

मी मोजपट्टी पिशवीत ठेवली. त्यांना दया आली असावी. "तुला काय पायजे ते सांग. नव्हता लागला असा पायजे? तसा सांगते. पन कोर्टात नाय येणार. पोलिसांनी टोपली उचलली म्हंजे मी कुठे बसू?"

चार काकड्या दिल्या. पैसे घेतले नाहीत.

२४ ऑक्टोबर

ऑपरेशन झाले. आत स्टीलची पट्टी आणि सात स्क्रू. पट्टी बाहेरून आणावी लागली. वीटभट्टीच्या मुकादमाने उचल आगाऊ दिली, पण अटीवर — दिवाळीनंतर ताई-भावजी दोघांनीही विटा थापायला यायचे. ताईने हो म्हटले. डॉक्टर म्हणतात, सहा महिने पाय टेकवायचा नाही.

मग दोघे कसे जाणार? ताई म्हणाली, "एक मी. दुसरा तू."

बरोबर आहे.

२८ ऑक्टोबर

मुरबाडला वकिलांकडे गेलो. हर्षाली मॅडम. वाडीतली प्रेमा आहे, तिने नाव सुचवले होते. चांगल्या आहेत, सावकाश सांगतात. मला समजले ते असे. मागे बसलेल्याची चूक कधीच नसते, त्याला भरपाई मिळते. पण आमच्या मोटारसायकलचा विमा मार्चमध्ये संपला आणि माझ्याकडे लायसन्सही शिकाऊ. म्हणून माझ्या बाजूने काहीच निघणार नाही. जे मिळेल ते कारच्या विम्यातून. त्यासाठी कारवाल्याची थोडी तरी चूक दिसली पाहिजे. निम्मी दिसली तरी पुरे.

मग त्यांनी माझा जबाब वाचला. दोनदा.

"हे दिव्याचं वाक्य तू का लिहिलंस?"

"खरं आहे म्हणून."

"तुला कोणी विचारलं होतं?"

नव्हते विचारले.

म्हणाल्या, अजून सगळे गेलेले नाही. वळणाऱ्याने आरसा बघायचा असतो, नुसता दिवा लावून भागत नाही. भावजींचा जबाब चांगला असेल तर लढता येईल. तो झाला का? मी म्हटले, माहीत नाही.

२९ ऑक्टोबर

झाला आहे. आठ दिवसांपूर्वीच. मी औषधे आणायला बाहेर गेलो होतो तेव्हा दवाखान्याच्या चौकीतले पोलीस येऊन घेऊन गेले. भावजींनी अंगठा दिला.

काय सांगितलेत, विचारले. भावजी हसले. अपघातानंतर पहिल्यांदा. "सांगितला, गाडी मीच चालवत होतो. लायसन माझा हाय. तुला आत टाकला तर तुझ्या ताईला मी काय तोंड दाखवू? आता तुला काय नाय होणार. गप बस."

मी पाण्याचा तांब्या भरून आणला.

त्यांना कसे सांगू की मी त्याच्या तीन दिवस आधीच दीड पान लिहून दिले होते?

३० ऑक्टोबर

मॅडमना फोन केला. त्यांनी दोन्ही जबाबांच्या तारखा विचारून घेतल्या. मग म्हणाल्या, "एका कागदात तू चालवतोस, दुसऱ्यात तो. विमा कंपनी दुसराच कागद पुढे करणार. चालवणारा तोच म्हटलं की तो मागे बसलेला नाही. भरपाई कसली?" जबाब बदलता येतो, पण मग पोलिसांना खोटे का सांगितले ते कोर्टात सांगावे लागेल. तीन वर्षे, चार वर्षे. तारखांना भावजींना न्यावे लागेल, त्या पायाने.

मी खरे लिहिले म्हणून नुकसान. ते खोटे बोलले म्हणून नुकसान. दोघांनी एकमेकांना विचारले असते तर! पण विचारणार कधी? ते वेदनेत होते आणि मला त्यांच्या तोंडाकडे बघवत नव्हते.

३ नोव्हेंबर, भाऊबीज

दवाखान्यातच. ताट नव्हते. ताईने डब्याच्या झाकणात दिवा ठेवून ओवाळले. मी खाली बघत होतो. "मान वर कर रे," म्हणाली, "टिळा नाकावर येल."

७ नोव्हेंबर

भावजींना सगळे सांगितले. भिंतीकडे तोंड करून ऐकले. मग म्हणाले, "तुझा शिक्षण माझा पाय घेऊन बसला." थोड्या वेळाने पाणी मागितले. मी दिले. घेतले.

११ नोव्हेंबर, सोमवार

मिटवले. ताईच म्हणाली, मिटवा, भट्टी सुरू झाली, मुकादमाचा माणूस दोनदा येऊन गेला.

हवालदार म्हणाले, गुन्हा लावून धरला तर पहिले नाव माझेच. भोईरसाहेब म्हणाले, मला काही नको, फक्त गाडीच्या दुरुस्तीचे द्या, तेही जमेल तसे. दिवा दिला होता, आरशात बघितले होते, चूक तुमची — हे त्यांनी अगदी हळू सांगितले, जणू मला लागेल म्हणून.

मजकूर मीच लिहिला. "सदर अपघात माझ्या चुकीने झाला असून आमची एकमेकांविरुद्ध कोणतीही तक्रार नाही व पुढेही राहणार नाही. दुरुस्तीच्या बिलाची रक्कम आम्ही देऊ." भावजींचा अंगठा. माझी सही. हवालदार म्हणाले, "अक्षर काय सुंदर आहे रे तुझं."

एका गोष्टीने तरी डोके शांत झाले. चूक कोणाची, हे आता ठरले आहे.

१५ नोव्हेंबर

गॅरेजचे बिल आले. पुढचा उजवा पत्रा ५,२००. आरसा १,८००. रंगकाम ७,६००. मागील उजवा इंडिकेटर, बल्ब बदलला, ९०.

मी गाडीच्या मागच्या भागाला शिवलोही नव्हतो. गॅरेजला फोन केला. मिस्त्री म्हणाला, "तो फुटलेला नव्हता, जळालेला होता. काळा पडलेला, दोन-तीन महिन्यांचा तरी. साहेबांना पत्ताच नाही. आत टिकटिक वाजते ना, त्यांना वाटायचं बाहेर लागतोय. तुमच्याच बिलात लावला, चालेल ना?"

चालेल म्हटले. ताईला सांगितले नाही. भावजींनाही नाही. उद्या पहाटे भट्टीवर निघायचे.

झालेला खर्च —
पट्टी, स्क्रू, औषधे २३,४००
एक्स-रे १,२००
रिक्षा, जेवण २,१५०
वकील मॅडम ५००
एकूण २७,२५०

देणे —
मुकादमाची उचल २५,०००
भोईरसाहेब १४,६९०, पैकी दिव्याचे ९०